पिक्चर विकताना वय कोण बघतं? दुकानाचा काउंटर, ऑनलाइन भाडं आणि घरातला पिन

प्रश्न तासगावच्या एका ताईंचा आहे. त्यांच्या पंधरा वर्षांच्या मुलानं सुट्टीत टीव्हीवरून ‘ए’ सर्टिफिकेटचा एक पिक्चर भाड्यानं घेतला. पैसे आईच्याच मोबाइलवरून यूपीआयनं गेले, वय कुणी विचारलं नाही. त्याआधी त्याच्या मित्रानं एसटी स्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्डात पिक्चर भरून आणले होते, तिथंही कुणी काही विचारलं नाही. ताईंचं म्हणणं, दुकानदारावर किंवा कंपनीवर वय तपासायचं बंधन आहे की नाही? पैसे परत मिळतात का? आणि घरात नेमकं काय करायचं?

आधी सरळ उत्तर देतो, ताई. वय बघायचं खरं, शिक्षेसकट बंधन आपल्याकडं आहे ते थिएटरच्या दारावर. दुकानाच्या काउंटरवर ते अर्धवट आहे. ऑनलाइन ते नियमात लिहिलेलं आहे, पण प्रत्यक्षात ज्याच्या नावावर अकाउंट आहे त्याच्याच गळ्यात येऊन पडतं. म्हणजे तुमच्या. पटो न पटो, आजची स्थिती ही आहे, आणि ती धरूनच घरातली व्यवस्था लावावी लागते.

मी सांगलीत व्हिडिओ कॅसेटच्या काळापासून या धंद्यात आहे. आधी लायब्ररी, मग सीडी-डीव्हीडीची विक्री, आणि आता त्याच गाळ्यातून फायबरची कनेक्शनं देतो, लोकांच्या घरी जाऊन टीव्ही आणि बॉक्स जोडून देतो. त्यामुळं काउंटरच्या आतली बाजू बघितली आहे आणि घरात सोफ्यावर बसून काय चालतं तेही बघितलं आहे.

थिएटरचं पहिल्यांदा बघू, कारण बाकी सगळं तिथूनच निघतं. सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२चा. सुरुवातीला वर्ग दोनच होते, ‘यू’ आणि ‘ए’. १९८३ साली ‘यूए’ आणि ‘एस’ आले. ‘एस’ म्हणजे डॉक्टरांसारख्या ठरावीक वर्गासाठी, तो तुम्हाला कधी दिसणारही नाही. २०२३च्या दुरुस्तीनं यूएचे तीन भाग केले: ७+, १३+ आणि १६+. या तिन्हीत दारावर कुणी अडवत नाही. मुलाला दाखवायचं की नाही हे आईबापांनी ठरवावं, एवढ्यासाठीच तो आकडा आहे. ‘ए’ मात्र वेगळा. १८ वर्षं पूर्ण न झालेल्याला ‘ए’ पिक्चरला आत सोडलं तर कलम ७ खाली थिएटरवाल्यावर कारवाई होऊ शकते. म्हणून डोअरकीपर निदान मिसरूड तरी बघतो.

याच कायद्यात ‘जागा’ कशाला म्हणायचं तेही लिहिलं आहे. त्यात घर, इमारत, तंबू आणि कसलंही वाहन येतं. आपल्याकडच्या जत्रांतले तंबू त्यात आले आणि रात्रीच्या मुंबईच्या ट्रॅव्हल्समध्ये ड्रायव्हरच्या मागच्या टीव्हीवर जो पिक्चर लावतात तोही आला. कॅसेटच्या काळात बसमध्ये लहान पोरं मांडीवर घेऊन लोकांनी काय काय बघितलं आहे, ते विचारू नका. कायद्यानं विनासर्टिफिकेट व्हिडिओ पिक्चर लोकांना दाखवणाऱ्यासाठी निदान तीन महिने कैद आणि निदान २०,००० रुपये दंड ठेवला आहे, आणि बसवाल्यांना त्याची गंधवार्ताही नव्हती.

आता दुकान. इथं गोची अशी, की सिनेमॅटोग्राफ कायद्याचा सगळा भर ‘दाखवण्या’वर आहे, ‘विकण्या’वर नाही. मी तुम्हाला डीव्हीडी विकली आणि तुम्ही ती घरी नेऊन बघितली, तर मी कुणाला काही दाखवलेलं नाही. ‘फक्त खासगी वापरासाठी’ असं छापलं की सर्टिफिकेटच लागत नाही, असंही काही कंपन्या म्हणायला लागल्या होत्या. ते प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि २०१०मध्ये न्यायालयानं सांगितलं, की लोकांना विकायची डिस्क असेल तर सर्टिफिकेट लागणारच, कव्हरवर काहीही छापा. शिवाय कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ए आहे. त्याप्रमाणं व्हिडिओवर सर्टिफिकेटची प्रत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि हक्कदाराचं नाव असायलाच हवं. नसेल तर कलम ६८एप्रमाणं तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. म्हणजे डिस्कवर ‘ए’ छापायची सक्ती पक्की आहे. पण ती डिस्क पंधरा वर्षांच्या पोराच्या हातात देताना त्याच्याकडं वयाचा पुरावा मागा, असं दुकानदाराला स्पष्ट सांगणारं कलम सिनेमॅटोग्राफ कायद्यात नाही.

अश्लील माल असेल तर गोष्ट वेगळी. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम २९३ होतं. त्यात वीस वर्षांखालच्या व्यक्तीला अश्लील वस्तू विकणं हा गुन्हा होता. होय, अठरा नव्हे, वीस. मत द्यायला अठरा आणि असली सीडी घ्यायला वीस, असा तो मामला. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या कलम २९५मध्ये आता ‘बालक’ आहे, म्हणजे अठराच्या आतला. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि २,००० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर सात वर्षांपर्यंत आणि ५,०००. मात्र सेन्सॉर बोर्डानं ‘ए’ दिलेला पिक्चर आणि ही अश्लील वस्तू यांत फरक आहे. बोर्डानं पास केलेला पिक्चर अश्लील म्हणून कुणावर खटला भरणं सोपं नाही. त्यामुळं ताई, दुकानात ‘ए’ पिक्चरची ओरिजिनल डिस्क तुमच्या मुलाला दिली असती, तरी दुकानदाराला ‘हे बरं केलं नाहीस’ असंच म्हणता आलं असतं, पोलिसांत काही टिकलं नसतं.

मग आम्ही दुकानदार काय करत होतो? लायब्ररीच्या काळात सभासद करून घ्यायचा एक फॉर्म असायचा. रेशन कार्डाची झेरॉक्स, घरचा फोन नंबर आणि डिपॉझिट. हे सगळं कॅसेट बुडू नये म्हणून, वयासाठी नव्हे. पण त्याचा फायदा वयालाही व्हायचा, कारण फोन नंबर हाताशी असायचा. एखादं शाळकरी पोर ‘ए’ कॅसेटचं नाव चिठ्ठीवर लिहून आणायचं आणि म्हणायचं, ‘काकांनी मागवलीय.’ त्या चिठ्ठीचं अक्षर बघितलं की काका किती खरे ते कळायचं. मी रिसीव्हर उचलायचो, नंबर फिरवायला लागायचो, की पोरगं ‘उद्या येतो’ म्हणून सायकलीवर टांग मारायचं. ‘ए’च्या कॅसेट मी वरच्या फळीवर, कव्हर काढून, नुसत्या नंबरावर ठेवायचो. ज्याला हवी तो तोंडानं मागेल. चार माणसांसमोर तोंडानं मागायची लाज ही वय तपासायची त्या काळातली सगळ्यात चालणारी पद्धत होती, असं माझं मत आहे.

पण तिच्यात भोक मोठं होतं. सभासदत्व एका माणसाचं नसायचं, घराचं असायचं. वडिलांच्या नावाचं कार्ड घेऊन कुणीही यायचं, आणि वडिलांनी नेलेली कॅसेट रात्री हॉलमध्ये लागली की समोर कोण कोण बसलंय ते मला इथून कसं दिसणार? आज ओटीटीचं अकाउंट नेमकं तसंच आहे. एक सभासद, बघणारे पाच.

आणखी एक गोष्ट, रोष पत्करून सांगतो. आपल्या भागात ‘ए’ म्हटलं की लोकांच्या डोक्यात एकच गोष्ट येते. बेडरूमचा सीन. तसला काही सीन नसेल आणि नुसती कोयत्यानं मुंडकी उडत असतील, तर बाप स्वतः पोराला शेजारी बसवून बघतो. बोर्ड ‘ए’ देतं ते हिंसा, नशा, शिव्या, आत्महत्येचं चित्रण अशा बऱ्याच कारणांनी. माझ्याकडं येणारे कितीतरी पालक चुंबनाच्या सीनला रिमोट शोधायचे आणि रक्ताच्या थारोळ्याला चहा प्यायचे. तुमच्या मुलानं जो पिक्चर घेतला त्याला ‘ए’ कशामुळं मिळालंय ते आधी बघा, मग किती रागवायचं ते ठरवा. ओटीटीवर पिक्चर सुरू होताना वरच्या कोपऱ्यात वयाचा आकडा येतो आणि खाली ‘हिंसा’, ‘भाषा’ असे शब्द येतात, ते याचसाठी असतात.

सीडी-डीव्हीडीचा काळ आला तेव्हा काउंटरची ही लाज संपली. २००७च्या सुमारास मोझर बेअर कंपनीनं ओरिजिनल व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली. पायरसीला उत्तर म्हणून ती चांगलीच होती. पण त्या भावाला डिस्क स्टेशनरीच्या दुकानात, पानपट्टीवर, किराणा मालाच्या काउंटरवर साबणाशेजारी लटकायला लागली. विकणाऱ्याला पिक्चर कुठला, सर्टिफिकेट कसलं याच्याशी देणंघेणं नाही. तो २८ रुपये घेतो आणि गल्ल्यात टाकतो. वय बघायचं काम पिक्चरची माहिती असलेल्या माणसाकडून माहिती नसलेल्या माणसाकडं गेलं, म्हणजे गेलंच. त्यानंतर ‘पाच पिक्चर एका डिस्कमध्ये’वाले पायरेट आले. त्यांच्या कव्हरवर सर्टिफिकेट सोडा, पिक्चरची नावंही धड नसायची. (माझा उरलासुरला डिस्कचा माल २०१९च्या ऑगस्टमधल्या पुरात गेला. चिखलातून काढलेल्या डीव्हीडी भंगारवाल्यानंही घेतल्या नाहीत. तेव्हा तो धंदा तसाही संपलेलाच होता.)

मेमरी कार्डवाला हा त्या पायरेटचाच पुढचा अवतार. त्याच्या कॉम्प्युटरवर फोल्डर असतात, तुम्ही कार्ड द्यायचं, तो ‘कॉपी-पेस्ट’ करून देतो. इथं वयाचा प्रश्न निघतच नाही, कारण सर्टिफिकेटच नाही. पिक्चरची फाइल थिएटरची आहे, परदेशातली न कापलेली आहे की आणखी कुठली, हे त्यालाही माहीत नसतं. हा सरळ कॉपीराइटचा गुन्हा आहे: कलम ६३, निदान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी केलेला असल्यामुळं त्यात सूट मिळण्याची शक्यता कमी. शिवाय झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले यांच्यासाठीचा जो राज्याचा एमपीडीए (स्थानबद्धतेचा) कायदा आहे, त्यात २००९मध्ये ‘व्हिडिओ पायरेट’ही घातले. वयाच्या मुद्द्यावर या माणसाला धरायला जाल तर हाती काही लागणार नाही. पायरसीच्या मुद्द्यावर धरता येतं, आणि त्याच्याकडं अश्लील क्लिप सापडल्या तर त्या वेगळ्या.

बाहेरच्या देशांत काय, हे लोक नेहमी विचारतात. ब्रिटनमध्ये दुकानदारावर थेट बंधन आहे. १९८४च्या व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज कायद्यानुसार अठराचं सर्टिफिकेट असलेली डिस्क लहानाला विकली तर दुकानदार गुन्हेगार. गंमत अशी, की हा कायदा करताना युरोपियन कमिशनला कळवायची औपचारिकता राहून गेली होती, ते २००९मध्ये लक्षात आलं, आणि २०१०मध्ये तोच कायदा पुन्हा मंजूर करावा लागला. पाव शतक दुकानदार ज्या कायद्याला भीत होते त्याची अंमलबजावणीच होऊ शकत नव्हती! अमेरिकेत तिथल्या फिल्म उद्योगाचं रेटिंग ऐच्छिक आहे. तिथल्या व्यापार आयोगानं १३ ते १६ वयाच्या मुलांना एकटं दुकानांत पाठवून तपासणी केली. २०१३च्या अहवालात ‘आर’ रेटिंगची (म्हणजे सतराखालच्यांना मोठं माणूस सोबत लागतं अशी) डीव्हीडी घ्यायला गेलेल्यांपैकी ३० टक्के मुलांना ती मिळाली. व्हिडिओ गेमच्या दुकानांत हेच प्रमाण १३ टक्के होतं. माल दुकानदाराचाच, गिऱ्हाईक तेच, तरी इतका फरक. म्हणजे सवय लावली तर काउंटरवरचा पोरगाही वय विचारतो. जर्मनीत अठराच्या वरची डिस्क ऑनलाइन मागवली तर पार्सल देणारा दारात ओळखपत्र बघतो. आपल्याकडचा डिलिव्हरी बॉय ओटीपी विचारतो आणि पार्सल शेजारच्या आजींकडं ठेवून जातो.

आता ऑनलाइन, म्हणजे तुमच्या प्रश्नाचा गाभा.

२५ फेब्रुवारी २०२१ला केंद्रानं माहिती तंत्रज्ञानाचे नवे नियम काढले. त्यात ओटीटीसाठी यू, यूए ७+, १३+, १६+ आणि ए असे पाच वर्ग आले. थिएटरला हे आकडे नंतर आले, ओटीटीला आधी. यूए १३+ आणि त्यापुढच्या मालाला पॅरेंटल लॉक द्यायला हवं, आणि ‘ए’साठी ‘विश्वासार्ह वयपडताळणी’ची यंत्रणा हवी, असं त्यात आहे. विश्वासार्ह म्हणजे कशी, आधार बघून की कार्ड बघून की नुसतं ‘मी १८ वर्षांचा आहे’ला टिक करून, हे काही सांगितलेलं नाही. त्यामुळं ज्यानं त्यानं सोयीचा अर्थ घेतला. त्यातच ऑगस्ट २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं नियम ९च्या दोन पोटनियमांना अंतरिम स्थगिती दिली. वर्गीकरण, लॉक, वयपडताळणी हे सगळं ज्या आचारसंहितेत आहे, ती पाळायचं बंधन याच नियमात आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयानं ओटीटीवाल्यांना पुन्हा सूचना काढली, की वर्गीकरण नीट करा आणि ‘ए’ मालावर मुलांसाठी अटकाव ठेवा. सूचना पुन्हा काढावी लागते, यावरून काय ते समजा.

ओटीटीवरचं रेटिंग सेन्सॉर बोर्डाचं नसतं, कंपनी स्वतः देते. यातून एक घोळ होतो आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे. सर्टिफिकेट पिक्चरच्या नावाला नसतं, त्या विशिष्ट कापलेल्या प्रतीला असतं. एकच पिक्चर थिएटरला ‘ए’ असेल. टीव्हीवर ‘ए’ पिक्चर दाखवता येत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५-०६च्या आदेशांपासून चॅनलवाले अशा पिक्चरला कात्री लावून यूए करून घेतात, आणि २०२३च्या दुरुस्तीनं टीव्हीसाठी वेगळं सर्टिफिकेट द्यायची तरतूद कायद्यातच आली. तोच पिक्चर ओटीटीवर न कापलेला असू शकतो आणि त्याला कंपनीनं स्वतःचं रेटिंग दिलेलं असतं. त्यामुळं ‘अहो, हा तर रविवारी दुपारी टीव्हीवर आम्ही सगळ्यांनी बघितलाय’ हे कारण चालत नाही. जो टीव्हीवर बघितला तो हा नव्हे. याच्या उलटही होतं: नेटवर ‘ए’ असं वाचून आई हादरते आणि मुलानं बघितलेली प्रत कापलेली असते. म्हणून नाव बघून भांडण करू नका, त्या अॅपवर त्या पिक्चरच्या पानावर काय आकडा आहे तो बघा.

आता पैशांचं. मुलगा पिक्चर भाड्यानं घेतो तेव्हा टीव्हीवर बहुधा क्यूआर कोड येतो, तो फोननं स्कॅन करायचा आणि यूपीआय पिन टाकायचा. पिन बरोबर आला म्हणजे बँकेच्या लेखी ते तुम्हीच. ओटीपीचंही तेच: फोन कुणाच्या हातात आहे एवढंच त्यातून कळतं, वय नाही. स्वतःच्या खात्यातून पैसे दिले तरी वय सिद्ध होत नाही, कारण दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः खातं चालवायची मुभा रिझर्व्ह बँकेच्या नियमात आहे. ताई, इथं एक बोलायलाच हवं. तुमच्या पंधरा वर्षांच्या मुलाला तुमचा यूपीआय पिन पाठ आहे, ही मला त्या पिक्चरपेक्षा काळजीची गोष्ट वाटते. आज पिक्चर घेतला, उद्या गेममधली नाणी घेईल, परवा फसवणाऱ्याच्या क्यूआरला पैसे पाठवेल. पिन आजच बदला. त्याला खर्चाला पैसे द्यायचेच असतील तर यूपीआय सर्कल म्हणून सोय आहे; त्यात तुमच्या खात्यातून तो पैसे देतो, पण मर्यादा तुम्ही ठरवता, किंवा प्रत्येक वेळी मंजुरी तुमच्या फोनवर येते. आणि एक फट राहतेच: अॅप स्टोअरचे गिफ्ट कोड. रोख पैसे देऊन घेतले की अकाउंटात जमा. तिथं कुणी वय विचारत नाही.

पैसे परत मिळतील का? कायद्याचं पुस्तक म्हणतं, की १८७२च्या करार कायद्याप्रमाणं अल्पवयीन माणसाला करार करता येत नाही, आणि १९०३पासून प्रिव्ही कौन्सिलच्या (इंग्रजी अमलातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाच्या) निकालानं असा करार मुळातच रद्दबातल. पण कंपनी म्हणेल, करार तुमच्या मुलाशी नाही, अकाउंट तुमचं आहे, पिन तुमचा आहे. एवढ्याशा भाड्यासाठी ग्राहक आयोगात जायला वकीलही ‘कशाला’ म्हणेल. व्यवहारी वाट अशी: पिक्चर प्लेच केला नसेल तर लगेच अॅपच्या हेल्पमध्ये जाऊन ‘चुकून घेतला’ म्हणून कळवा, बऱ्याचदा परत देतात. बघायला सुरुवात केली असेल तर विसरा. भाड्याला साधारण सुरू करायला ३० दिवस आणि एकदा सुरू केल्यावर ४८ तास अशी मुदत असते, तेव्हा अजून हातात वेळ असेल तर बघा.

आता घरात काय करायचं. लोकांच्या घरी जातो तेव्हा जे करून देतो तेच सांगतो.

अॅपमध्ये प्रत्येकाचं प्रोफाइल वेगळं करा. मुलाच्या प्रोफाइलला वयाची मर्यादा लावा, तुमच्या पंधरा वर्षांच्या मुलासाठी १३+ ठीक. पण खरं कुलूप तुमच्या प्रोफाइलला लागायला हवं. ही गोष्ट दहातले नऊजण उलटी करतात. मुलाच्या प्रोफाइलवर बंधन घालतात आणि स्वतःचं उघडं ठेवतात. मुलगा कशाला स्वतःच्या प्रोफाइलवर जाईल? तो ‘आई’वर क्लिक करतो. तर ‘आई’, ‘बाबा’ या सगळ्या मोठ्यांच्या प्रोफाइलांना पिन लावा, आणि नवीन प्रोफाइल उघडायलाही पिन लागेल अशी सोय ज्या अॅपात आहे तिथं ती चालू करा. नाहीतर मुलगा ‘बाबा२’ नावाचं प्रोफाइल उघडतो. खरेदी आणि भाडं यासाठी वेगळा पिन ठेवायची सोय बऱ्याच ठिकाणी असते, ती सेटिंगमध्ये शोधा. अॅमेझॉन प्राइम व्हिडिओमध्ये ही बंधनं प्रत्येक टीव्ही-फोनला वेगवेगळी लावावी लागतात. फोनवर लावलं म्हणजे टीव्हीवर लागलं असं समजू नका.

पिन कुठला ठेवायचा? गाडीचा नंबर नको, लग्नाचं वर्ष नको, मुलाचं जन्मवर्ष तर नकोच. विश्रामबागेत एका घरी असंच सगळं लावून दिलं. आठवड्यात साहेबांचा फोन, ‘अहो, पोरगं परत बघतंय.’ जाऊन बघतो तर आजींना संध्याकाळी कीर्तन लावायला साहेबांचंच प्रोफाइल लागायचं, म्हणून त्यांना पिन सांगितला होता, आणि आजींनी तो देवघरातल्या कॅलेंडरवर, एकादशीच्या चौकोनात, लिहून ठेवला होता. आजींना त्यांचं स्वतःचं, विनापिनाचं, यूए ७+ चं प्रोफाइल करून दिलं, प्रश्न मिटला. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची सोय आधी बघा, नाहीतर कुठलंही कुलूप आठ दिवसांत उघडं पडतं.

टीव्हीवरचं युट्यूब कुणाच्या अकाउंटनं चालू आहे ते बघा. १८+ म्हणून बांधलेले व्हिडिओ बघायला मोठ्या वयाचं अकाउंट लागतं, आणि टीव्हीवर नव्वद टक्के घरांत बापाचंच अकाउंट चालू असतं (हा माझा अंदाज, घरोघरी बघितलेला). ते साइन आउट करा. मुलाच्या फोनचं गुगल अकाउंट उघडताना जन्मतारीख खोटी टाकली असेल तर पुढची सगळी गणितं चुकतात. पाचवीतल्या पोरांची अकाउंटं मी पंचवीस वर्षांच्या माणसाच्या नावानं बघितली आहेत, आणि ती उघडून देणारे त्यांचे काकाच असतात.

प्रत्येक अॅपनं आधार मागावं का, असंही काहीजण म्हणतात. मी त्याच्या विरुद्ध आहे. ब्रिटनमध्ये जुलै २०२५पासून प्रौढांच्या साइट्सना पक्की वयपडताळणी सक्तीची झाली, चेहरा नाहीतर ओळखपत्र दाखवा, आणि लगेच व्हीपीएन (आपण दुसऱ्याच देशात आहोत असं साइटला भासवणारी सोय) घेणाऱ्यांची झुंबड उडाली. आपल्याकडं तर कुठल्याकुठल्या अॅपला लोक आधारचा फोटो पाठवून मोकळे होतात. एका पिक्चरसाठी ओळखपत्र द्यायचं आणि ते कुठं जाऊन पडेल याचा पत्ता नाही, हा सौदा वाईट. २०२३चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा १८च्या आतल्याला बालक धरतो, त्याची माहिती घ्यायला पालकांची पडताळलेली संमती मागतो, आणि मोडलं तर २०० कोटींपर्यंत दंड सांगतो. नोव्हेंबर २०२५मध्ये त्याचे नियम आले, कंपन्यांना तयारीला मुदत दिली आहे. त्यात डिजिलॉकरसारख्या ठिकाणाहून नुसतं ‘हा पालक प्रौढ आहे’ एवढंच कळवणाऱ्या टोकनची सोय आहे. तसं झालं तर बरं. कागद न देता काम होईल.

उरली तक्रार. मुलानं पिक्चर घेताना अॅपनं ‘ए’ पिक्चरला पिन मागितलाच नाही, की तुम्ही पिनची सोय बंद ठेवली होती, हे आधी तपासा. सोयच नव्हती किंवा चालत नव्हती, तर त्या अॅपच्या साइटवर तळाशी तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल असायला हवा. त्यांनी १५ दिवसांत निकाल द्यायचा असतो. नाही दिला किंवा पटला नाही तर ती कंपनी ज्या स्वनियमन संस्थेची (कंपन्यांनी मिळून केलेल्या संस्थेची) सभासद आहे तिच्याकडं, आणि त्यानंतर केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडं. मराठीत लिहिलं तरी चालतं, पण पिक्चरचं नाव, तारीख, वेळ, पिक्चरच्या पानावरचा वयाचा आकडा आणि पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट सोबत जोडा. आणि मेमरी कार्डवाल्याची तक्रार करायची झाली तर पोलीस ठाण्यात ‘वय न विचारता पिक्चर दिला’ असं लिहू नका. ‘विनापरवाना पिक्चरच्या प्रती विकतो’ असं लिहा, कार्ड पुसू नका आणि ते सोबत न्या.